बोट विकायची आहे, पण किंमत सोडवत नाही

एका वाचक महिलेच्या पत्राचा सारांश असा:

आम्ही दोघं साठीच्या पुढचे. 2021 मध्ये 14 मीटर लांबीची, दोन डिझेल इंजिनांची जुनी मोटरबोट घेतली. तेव्हा चांगली बोट बाजारात आली की लगेच विकली जायची, म्हणून मागितली ती किंमत दिली. पहिली दोन वर्षं मुलं-नातवंडं हौसेनं यायची. मग त्यांचं येणं कमी झालं आणि यजमानांचे गुडघेही कुरकुरू लागले. गेल्या वर्षभरात इंजिनं जेमतेम 30 तास चालली. खर्च मात्र दर वर्षी वाढतोच आहे. धक्क्याचं भाडं, विमा, डिझेल, मेकॅनिक, सगळंच. 14 महिन्यांपूर्वी ब्रोकरकडे बोट विक्रीला दिली. खरेदीची किंमत, त्यावर नवा जनरेटर, बॅटऱ्या आणि डेकचं काम असं सगळं धरून आकडा ठरवला. पहिल्याच महिन्यात एक ऑफर आली, पण ती आमच्या आकड्यापेक्षा सहाव्या भागानं कमी होती. यजमानांना तो अपमान वाटला, त्यांनी उत्तरही दिलं नाही. त्यानंतर एकच ग्राहक सर्व्हेपर्यंत, म्हणजे तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी करून घेण्यापर्यंत, पोचला. सर्व्हेअरनं तळात ओलावा असल्याचं लिहिलं आणि ग्राहक निघून गेला. आता ब्रोकर म्हणतो किंमत उतरवा. यजमान म्हणतात थांबू, बाजार वर येईल, तोवर भाड्यानं देऊ. मला विकून मोकळं व्हायचंय, पण निदान घातलेले पैसे तरी निघायला हवेत. यजमान एवढा हट्ट का करत असतील? ब्रोकर घाई करून आम्हाला फसवतोय का? यावरून घरात रोज वाद होतात.

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी अडखळले: ‘निदान घातलेले पैसे तरी निघायला हवेत.’ हे वाक्य तुमचं आहे. यजमानांचं म्हणणंही नेमकं हेच आहे, ते फक्त जास्त ठामपणे बोलतात. तुम्हाला वाटतं की तुम्ही विकायच्या बाजूच्या आणि ते ठेवायच्या बाजूचे. पण पैसे निघेपर्यंत थांबायचं असं दोघांनीही मनात धरलंय, आणि तोपर्यंत बोट धक्क्याला बांधलेलीच राहणार. म्हणून यजमानांना कसं पटवायचं हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू या. आधी हे गृहीतक तपासून पाहू.

तुमच्या आकड्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. पहिली म्हणजे 2021 ची किंमत. महामारीच्या त्या दोन वर्षांत लोकांना गर्दीपासून दूर, मोकळ्यावर जायचं होतं. नव्या बोटींचे कारखाने सुट्या भागांअभावी रखडले होते आणि सगळी मागणी जुन्या बोटींवर येऊन पडली. भाव चढले. 2022 पासून अनेक देशांत व्याजदर वाढले, कर्जाचे हप्ते महागले आणि चढलेल्या भावात घेतलेल्या बऱ्याच बोटी हळूहळू पुन्हा बाजारात आल्या. तुम्ही दिलेली किंमत त्या वेळची होती. तिच्यात तुमची काही चूक झाली असं मला वाटत नाही, तेव्हा सगळेच तेवढी देत होते. पण ‘बाजार वर येईल’ याचा अर्थ ते दिवस परत येतील असा असेल, तर त्या भरवशावर बसू नका. शिवाय 2021 मध्ये घेतलेली ती जुनी बोट आता आणखी काही वर्षांनी म्हातारी झालेली आहे.

दुसरी गोष्ट जनरेटर, बॅटऱ्या आणि डेकच्या खर्चाची. हा खर्च खरा आहे आणि तो टोचतो, हे मी समजू शकते. पण जुनं घर विकताना गळकं छप्पर दुरुस्त केल्याचे पैसे कोणी वेगळे मोजून देत नाही, छप्पर गळत असतं तर मात्र तेवढे कापून घेतले असते. बोटीचंही असंच आहे. ग्राहक जनरेटर चालतो हे धरूनच येतो. नव्या जनरेटरमुळे तुमची बोट शेजारच्या बोटीआधी विकली जाऊ शकते, किमतीत थोडा फरकही पडेल, पण बिलाची रक्कम परत येत नाही. ते पैसे बोट वापरण्यासाठी खर्च झाले आणि तुम्ही ती वापरलीत.

आता आकडे मांडू. चलनाच्या भानगडीत न पडता त्या पहिल्या ऑफरला 100 म्हणू या. म्हणजे तुमची मागणी 120 ची होती. बोटवाल्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो की वर्षाचा राहता खर्च बोटीच्या किमतीच्या दहाव्या भागाइतका येतो. जुन्या आणि मोठ्या बोटीला तो त्याहून जास्तही जातो. तेव्हा 14 महिन्यांत तुमचे सुमारे 12 खर्च झाले. या काळात बोट आणखी जुनी झाली. तिची किंमत 5 नं उतरली असं धरू, म्हणजे आज 95. त्यातून खर्च झालेले 12 वजा केले की हातात 83 उरतात. अपमान वाटलेली ती ऑफर 100 ची होती. आणखी एक वर्ष थांबून खरोखरच आजच्यापेक्षा 10 जास्त मिळाले, तरी ते दहाही त्या वर्षाचं भाडं, विमा आणि देखभाल यांतच जातील. तुमची खरी बिलं काढा आणि हाच हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करा. शक्य असेल तर यजमानांनाच करू द्या. दुसऱ्यानं ऐकवलेला आकडा टोमण्यासारखा लागतो, स्वतः मांडलेला पचतो.

हा खर्च आपल्याच गैरव्यवस्थेमुळे वाढतोय असं तुम्हाला वाटतंय, हे पत्रातून जाणवलं. तसं नाही. मोठ्या बोटीचं गणितच असं आहे. 10 मीटरच्या बोटीपेक्षा तुमची 14 मीटरची बोट लांबीला दीडपटही नाही. पण बोट लांबीबरोबर रुंदी आणि उंचीतही वाढते, त्यामुळे वजन जवळजवळ पावणेतीनपट होतं आणि तळाचं रंगवायचं क्षेत्रफळ दुप्पट. क्रेन मोठी लागते, नांगर आणि साखळी जड लागते, दोर जाड लागतात. इंजिनं दोन असल्यामुळे फिल्टर, तेल, पंप, शाफ्टची सीलं सगळं दोनदा घ्यावं लागतं. धक्क्याचं भाडं बहुतेक मरिना (बोटी ठेवायच्या जागा) लांबीवर लावतात, आणि मोजताना पुढे निघालेला नांगर आणि मागचा पोहायचा ओटा हेही बऱ्याच ठिकाणी धरतात. एवढ्या लांबीच्या जागा मोजक्या असतात, त्यामुळे भाडं वाढवलं तरी तुम्ही सहज दुसरीकडे जाऊ शकत नाही. तुम्ही कितीही काटकसर केलीत तरी या गोष्टी बदलणार नाहीत.

डिझेलबद्दल एक उपयोगी गोष्ट सांगते, कारण विक्री होईपर्यंत बोट अधूनमधून चालवावी लागणार आहे. डिझेल इंजिनाला एक अश्वशक्ती तासभर पुरवायला साधारण 0.2 लिटर डिझेल लागतं. 400 अश्वशक्तीची दोन इंजिनं पूर्ण जोरात चालवली तर तासाला 150 लिटरच्या वर जातं. बोट पाण्यावर उचलली जाऊन धावते तेव्हा ही ताकद लागतेच. पण तिला पाण्यात बसूनच चालू दिलं तर हिशेब पार बदलतो. तशी चालताना ती साधारण किती वेगापर्यंत सहज जाते, ते असं काढतात. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि 1.34 नं गुणायचं. तुमच्या बोटीची ही लांबी 41 फुटांच्या आसपास असेल, म्हणजे उत्तर साधारण साडेआठ नॉट (तासाला साडेआठ सागरी मैल). त्याच्या थोडं खाली, सात-साडेसात नॉटवर चालवलंत तर दर सागरी मैलाला लागणारं डिझेल निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. प्रवासाला वेळ जास्त लागतो, पण निवांत फिरायचं असेल तर काय बिघडतं? फक्त कायम हळू चालवू नका. डिझेल इंजिन सतत कमी भारावर चाललं की आत काजळी धरते. परत येताना थोडा वेळ, इंजिनं नीट गरम झाल्यावर, जोर द्या.

‘गेल्या वर्षी 30 तासच चालली’ असं तुम्ही लिहिलंय, आणि जाहिरातीतही ‘इंजिनाचे तास कमी’ असं टाकलं असणार. बरेच विक्रेते याला मोठा गुण समजतात. जाणता ग्राहक मात्र जुन्या बोटीचे फार कमी तास पाहून सावध होतो, आणि त्याला कारण आहे. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपात मुठीत मावेल एवढं रबराचं चक्र असतं. पंप महिनोन्‌महिने बंद राहिला की त्या चक्राच्या पाकळ्या एकाच बाजूला वाकून तशाच राहतात आणि मुळाशी चिरा पडतात. पुढे कधीतरी इंजिन चालू केल्यावर एखादी पाकळी तुटते, तिचे तुकडे हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या भागाच्या, बारीक नळ्यांत अडकतात आणि भर पाण्यात इंजिनाचं तापमान चढायला लागतं. एक्झॉस्टमध्ये जिथे समुद्राचं पाणी मिसळतं, तो नळीचा वाकडा तुकडा (एल्बो) आतून गंजतो. बाहेरून रंग छान असतो, आत भिंत कागदासारखी झालेली असते. तो फुटून पाणी सिलिंडरकडे गेलं तर सगळं इंजिनच जातं. डिझेलच्या टाकीत हवेतला ओलावा पाणी होऊन तळाशी बसतो आणि त्या पाण्यात जंतू वाढून काळा चिकट गाळ तयार होतो. बोट शांत उभी असते तोवर त्याचा पत्ता लागत नाही. बाहेर लाटा लागल्या, टाकी ढवळली गेली की फिल्टर तुंबतात. तेव्हा वापरत नाही म्हणून निदान झीज तरी वाचतेय, या समाधानात राहू नका. महिन्यातून एकदा तरी इंजिनं भारावर चालवून आणा आणि प्रत्येक वेळेची नोंद वहीत ठेवा. ती वही पुढे विक्रीला कामाला येईल.

आता ओलाव्याकडे येते, कारण तुमची विक्री तिथे अडली आहे. फायबरग्लासची बोट वर्षानुवर्षं पाण्यात राहिली की जेलकोटमधून, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थरातून, थोडं पाणी आत मुरतंच. फायबरग्लास बांधून ठेवणाऱ्या रेझिनचा आत कच्चा राहिलेला अंश असेल तर त्याच्याशी त्या पाण्याची प्रक्रिया होते, आम्लासारखा द्रव तयार होतो आणि रंगाखाली फोड उठतात. असा फोड फोडला तर आतून व्हिनेगरसारखा वास येतो. याला ऑस्मोसिस म्हणतात. हे नाव ऐकलं की ग्राहक घाबरतो, पण सगळं प्रकरण सारख्या गंभीरपणाचं नसतं. ओलावामापक जास्त आकडा दाखवतो म्हणजे ऑस्मोसिस आहेच असं नाही. बोट पाण्यातून नुकतीच काढलेली असेल तर आकडा चढाच येतो. तुमच्या ग्राहकाच्या सर्व्हेअरनं बोट क्रेनवर टांगलेली असतानाच मोजलं होतं का, की काही दिवस सुकवल्यावर? फोड दिसले होते का? हातोडीनं ठोकल्यावर आवाज कुठे बद्द आला होता का? तो अहवाल ग्राहकाच्या पैशानं झालेला असल्यामुळे त्याच्या मालकीचा आहे, पण विनंती केली तर बरेचदा प्रत मिळते, कधी थोडे पैसे देऊन.

माझं मत असं की पुढचा ग्राहक येण्याआधी तुम्ही स्वतः एक स्वतंत्र सर्व्हेअर बोलवा. बोट बाहेर काढून निदान दोन-तीन आठवडे कोरडी ठेवा आणि मग मोजून घ्या. त्याच वेळी दोन्ही इंजिनांच्या आणि गिअरबॉक्सच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा. तेलात लोह किंवा तांबं जास्त निघालं तर झीज कुठे चाललीय ते कळतं, सोडियम निघालं तर समुद्राचं पाणी आत शिरत असल्याची शंका घ्यायची. या चाचणीचा खर्च एकूण व्यवहारात नगण्य असतो. फोड नसतील, नुसता ओलावा असेल तर तसं लेखी घ्या. फोड असतील तर दुरुस्तीचं लेखी कोटेशन घ्या. पण दुरुस्ती स्वतः करून घ्यायची घाई करू नका. जेलकोट सोलून काढायचा, तळ धुऊन महिनोन्‌महिने सुकवायचा, मग इपॉक्सीचे थर द्यायचे, यात पूर्ण हंगाम जातो आणि त्याचेही पैसे किमतीत पूर्ण परत येत नाहीत. कोटेशन समोर ठेवून तेवढी किंमत मोकळेपणानं कमी करणं बहुतेक वेळा सोपं पडतं. दोष काय आहे आणि किती आहे हे कागदावर दिसलं की ग्राहक बोलणी करतो. तो पळून जातो तो दोषाचा अंदाज लागत नाही तेव्हा.

ब्रोकर फसवतोय का, या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही, पण एक गोष्ट लक्षात घ्या. ब्रोकरचं कमिशन साधारण विक्रीच्या किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतं. किंमत उतरली तर त्याचंही थोडं कमी होतं आणि विक्रीच झाली नाही तर त्याला काहीच मिळत नाही. तेव्हा त्याला विक्री लवकर हवी आहे हे खरं. तुम्हालाही ती लवकरच हवी आहे, वरचा हिशेब तेच सांगतो. म्हणून त्याच्यावर संशय घेण्यापेक्षा त्याला नेमके प्रश्न विचारा. या लांबीच्या आणि वयाच्या बोटी गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष किती किमतीला गेल्या? जाहिरातीतले आकडे नको आहेत. जाहिरातीत दिसते ती मागितलेली किंमत, आणि महिनोन्‌महिने न विकलेल्या बोटीच जास्त काळ डोळ्यासमोर राहतात, त्यामुळे त्या आकड्यांवरून बाजाराचा अंदाज फुगलेला येतो. चांगल्या ब्रोकरकडे झालेल्या व्यवहारांची माहिती असते. आमच्या बोटीबद्दल किती जणांनी विचारणा केली, किती जण बघायला आले, न येणाऱ्यांनी काय कारण दिलं, हेही विचारा. उत्तरं मोघम आली, फोटो दोन हंगामांपूर्वीचे निघाले, तर ब्रोकर बदला. करारात एकाच ब्रोकरकडे विक्री बांधलेली आहे का आणि ती मुदत कधी संपते, ते आधी वाचा. काही मरिनांच्या करारात त्यांच्या धक्क्यावर बोट विकली तर त्यांचाही हिस्सा असतो, तेही एकदा बघून घ्या.

भाड्यानं देण्याच्या कल्पनेबद्दल मी तुमच्याइतकीच साशंक आहे, पण यजमानांची कल्पना नुसती उडवून लावू नका. खासगी वापरासाठी घेतलेला विमा भाड्यानं दिल्यावर सहसा चालत नाही. पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या बोटीला बहुतेक ठिकाणी वेगळी तपासणी, वेगळी सुरक्षा साधनं आणि परवानाधारक चालक लागतो. शिवाय अनोळखी हातात गेलेली बोट झिजते, आणि तुम्हाला ती लवकर विकायची आहे. यजमानांना म्हणा, विमा कंपनीकडून व्यावसायिक वापराचा हप्ता विचारून घ्या आणि तपासणीत काय काय बदलावं लागेल त्याची यादी आणा. बहुतेक जणांचा उत्साह त्या यादीपाशी संपतो. नाही संपला आणि आकडे खरंच जुळले, तर मग विचार करू.

दुसरा मार्ग हिस्सेदारीचा. दोन-तीन कुटुंबांनी मिळून बोट ठेवली तर राहता खर्च वाटला जातो, आणि बोट वर्षभर रिकामी राहण्यापेक्षा चालती राहते, ते इंजिनांनाही बरं. हे जमायला लेखी करार हवा. मोठी दुरुस्ती निघाली तर कोणी किती द्यायचे, एकाला बाहेर पडायचं असेल तर त्याचा हिस्सा कसा मोजायचा, सुट्टीचे दिवस कसे वाटायचे, हे सगळं त्यात आधीच यायला हवं. पण तुमच्या बाबतीत ज्याला बोटीवर जायचंय त्याचेच गुडघे साथ देत नाहीत. हिस्सा ठेवला तरी वापर वाढणार नाही. म्हणून मी तुम्हाला हा मार्ग सुचवत नाही. ज्यांना बोट आवडते आणि फक्त खर्च झेपत नाही, त्यांनी मात्र जरूर विचार करावा.

आता यजमानांच्या हट्टाबद्दल. 2021 मध्ये ती बोट का घेतली होती, हे त्यांना कधी विचारलंत का? मुलं-नातवंडं एकत्र येतील म्हणून घेतली असेल, तर बोट विकणं म्हणजे ती आता येणार नाहीत हे मान्य करणं. गुडघ्यांचंही तसंच. धक्क्यावरून डेकवर उडी मारून चढणाऱ्या माणसाला हात धरून चढावं लागतं, आणि बोट विकली की ते कायमचं ठरून जातं. त्या ऑफरला त्यांनी उत्तर दिलं नाही ते मला या दुःखातून झालेलं वाटतं. समोरच्यानं लोखंड आणि फायबरग्लासची किंमत सांगितली होती, त्यांना ती आपल्या उभारीच्या वर्षांची किंमत वाटली. तुम्ही ‘विकून टाकू’ म्हणता तेव्हा त्यांना काय ऐकू येत असेल, याचा एकदा विचार करा. पैशांबद्दल बोलण्याआधी हे बोला. त्यांना विचारा, बोटीतलं नेमकं काय सुटायला नको आहे? पाण्यावर असणं, इंजिनाशी खटपट करणं, मुलं एकत्र येणं, की धक्क्यावरची दोस्तमंडळी? या प्रत्येकाला 14 मीटरची बोट हाच एक उपाय नाही. खटपट आवडत असेल तर एका इंजिनाची सात-आठ मीटरची बोट पुरते. तिचा चढायचा ओटा पाण्यालगत असतो, गुडघ्यांना ते बरं पडतं. मुलांना बोलवायचं असेल तर वर्षातून एक आठवडा चालकासह बोट भाड्यानं घ्या. तुमच्या धक्क्याच्या वर्षाच्या भाड्यापेक्षा ते बहुधा स्वस्त पडेल.

तुम्हालाही एक विचारते. बोट विकली की वाद थांबतील, असं तुम्ही धरून चालला आहात. विकल्यानंतरच्या पहिल्या मोकळ्या हंगामात तुम्ही दोघं काय करणार आहात, हे आधी ठरवलंत तर यजमानांना बोट सोडणं थोडं सोपं जाईल.

आणखी थांबायचं ठरवलंच, तर ते पण ठरवून थांबा. तारीख आधी लिहून ठेवा, चालू हंगामाचा शेवट म्हणा, आणि किंमत किती टप्प्यांनी आणि कधी उतरवायची हेही आजच लिहा. थोडी थोडी कमी करत राहण्यापेक्षा एकदाच खऱ्या भावावर आणलेली किंमत जास्त ग्राहक आणते. दर महिन्याला थोडीशी उतरणारी किंमत पाहून लोक आणखी थांबतात. फार थांबण्यात एक वेगळी अडचणही आहे. बोट एका वयापुढे गेली की विमा कंपन्या ताज्या सर्व्हेशिवाय विमा देत नाहीत आणि कर्ज देणारे मागे सरतात. मग उरतो फक्त रोख पैसे असलेला, दुरुस्तीची तयारी असलेला ग्राहक, आणि असे थोडे असतात. शेवटी तर बोटीला किंमतच राहत नाही, उलट तिची विल्हेवाट लावायलाच पैसे मोजावे लागतात. फायबरग्लास कुजत नाही, आणि त्यातलं पॉलिएस्टर रेझिन एकदा घट्ट झालं की वितळवून पुन्हा वापरता येत नाही. फ्रान्सनं 2019 मध्ये जुन्या बोटी मोडून घेण्याची देशव्यापी व्यवस्था सुरू केली, कारण मालकांनी सोडून दिलेल्या बोटींचं काय करायचं हा तिथे मोठा प्रश्न झाला होता. तुमची बोट त्या अवस्थेला अजून नक्कीच आलेली नाही. ज्यांची बोट त्या वयाच्या जवळ आहे त्यांनी मात्र चांगल्या किमतीची वाट पाहू नये, बोट चालती आहे तोवरच ती घेऊन चालवू शकेल असा माणूस शोधावा.

विक्रीची तयारी कशी करायची ते आता सांगते. बोटीवरचं घरचं सामान उतरवा. कपाटं रिकामी, बिछाने उघडे, बिल्ज (बोटीच्या तळातली पाणी साचायची जागा) धुऊन कोरडं. ग्राहक इंजिनरूमचं झाकण उचलतो तेव्हा त्याला पहिल्यांदा वास येतो, मग इंजिन दिसतं. डिझेलचा आणि कुबट पाण्याचा वास असेल तर पुढचं काही न बघताच त्याचं मत झालेलं असतं. इंजिनाखाली पांढरा कागद घालून ठेवा, थेंब पडत नाहीत हे तोच दाखवेल. तळाचा रंग आणि झिंकचे अॅनोड (गंज स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे) ताजे करून घ्या. बार्नेकल (कवचाचे समुद्री जीव) चिकटलेल्या तळानं समुद्रचाचणीला गेलात तर बोट वेग धरत नाही आणि ग्राहक इंजिनाला दोष देतो. समुद्रचाचणीच्या दिवशी इंजिनं आधीच तापवून ठेवू नका. ग्राहकाला थंड इंजिन चालू होताना बघायचं असतं, धूर पांढरा येतो की निळा, किती वेळात निवळतो. आधीच गरम केलेलं इंजिन पाहिलं की त्याला लपवाछपवीची शंका येते. ग्राहकानं करवलेला सर्व्हे आणि त्यासाठीच्या क्रेनचा खर्च रीतीप्रमाणे ग्राहक करतो, तो तुमच्या माथी घेऊ नका.

कागद एका फाइलमध्ये लावा. मालकीची साखळी, नोंदणी, कर भरल्याचा पुरावा, कर्ज फिटल्याचं पत्र, सर्व्हिसिंगची बिलं, जनरेटरची हमी, तुम्ही काढून घेतलेला सर्व्हे आणि तेलाचे अहवाल. बोट दोघांच्या नावावर असेल तर सही दोघांची लागेल, म्हणून खालची किंमत दोघांनी मिळून आधीच ठरवा आणि ब्रोकरला लेखी कळवा. धक्क्याची जागा नव्या मालकाला मिळू शकते का ते मरिनाला विचारून घ्या. एवढ्या लांबीची जागा मिळत नसेल त्या ठिकाणी हीच गोष्ट ग्राहकाला खेचून आणते.

शक्य असेल तर त्या पहिल्या ऑफरवाल्याला ब्रोकरमार्फत फोन करून बघा. त्यानं दुसरी बोट घेतली असण्याची शक्यता जास्त आहे, पण विचारायला काही लागत नाही. यापुढे येणाऱ्या प्रत्येक ऑफरला उत्तर द्या, कितीही कमी असली तरी, एक-दोन दिवसांत आणि आपल्या आकड्यासह. कमी आकड्यापासून सुरू झालेलं बोलणं बरेचदा चांगल्या आकड्यापर्यंत येतं. सौदा ठरला तर अनामत रक्कम ब्रोकरच्या वेगळ्या खात्यात राहील असं बघा, आणि पूर्ण पैसे जमा झाल्याशिवाय किल्ल्या देऊ नका. विमा मात्र नाव बदलल्याचा कागद हातात येईपर्यंत चालू ठेवा.